कोल्हापूर स्थानकाबाहेर पडल्यावर कुठे आणि कसे खावे : नव्याने येणाऱ्यांसाठी

कोल्हापूरचे रेल्वे स्थानक, म्हणजे श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनस, भर वस्तीत आहे. मिरजेहून निघालेला लोहमार्ग १८९१ साली येथे पोहोचला आणि आजही प्रवासी गाड्या येथूनच मागे फिरतात. त्यामुळे या फलाटावर उतरणारा माणूस कोल्हापूरलाच आलेला असतो. कोणी अंबाबाईच्या दर्शनाला येतो, कोणी शिवाजी विद्यापीठात प्रवेश घ्यायला, कोणी सीपीआर रुग्णालयात असलेल्या नातेवाइकाला भेटायला, तर कोणी उद्यमनगरात सुटे भाग घ्यायला. हा लेख त्यांच्यापैकी पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी आहे. त्यात मोठ्या वातानुकूलित हॉटेलांचा विचार केलेला नाही. नाष्टा सेंटर, खानावळी, हातगाडे आणि चहाच्या टपऱ्या, म्हणजे जिथे गावातली माणसे रोज खातात त्या जागा गृहीत धरल्या आहेत.

सुरुवातीलाच एक गोष्ट ठामपणे सांगतो. नवखा माणूस नावाजलेले दुकान शोधत निघतो, परंतु कोल्हापुरात चांगले खाणे हे पाटीवरच्या नावापेक्षा घड्याळावर आणि वारावर अधिक अवलंबून असते. सकाळची मिसळ, दुपारचे ताट आणि संध्याकाळची भेळ यांच्या वेळा ठरलेल्या आहेत, आणि ज्या वेळी जो पदार्थ ताजा निघतो त्या वेळी तो अगदी साध्या जागीही उत्तम मिळतो. खालच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीभोवती रचल्या आहेत.

पहिली पायरी : दिशा समजून घ्या

मुख्य दरवाजातून शाहूपुरीच्या बाजूला बाहेर पडलात की समोर स्टेशन रोड लागतो. उजव्या हाताला चालत पाच-दहा मिनिटांवर मध्यवर्ती बसस्थानक आहे, ज्याला गावात सगळे सीबीएस किंवा नुसते स्टँड म्हणतात. त्याच अंगाला दाभोळकर कॉर्नर आणि पुढे ताराराणी चौक आहे. ताराराणी चौकाला जुनी माणसे अजूनही कावळा नाका म्हणतात आणि रिक्षावाल्याला दोन्ही नावे समजतात. डाव्या हाताला व्हीनस कॉर्नर, दसरा चौक, तिथून लक्ष्मीपुरी आणि बिंदू चौक असा जुन्या गावाकडे जाणारा रस्ता आहे. अंबाबाईचे देऊळ स्थानकापासून दोन-अडीच किलोमीटरवर आहे. रुळांच्या पलीकडे राजारामपुरी आहे आणि तिकडे जाण्यासाठी बसस्थानकाजवळचा परीख पूल, म्हणजे रुळांखालून जाणारा रस्ता, वापरला जातो.

स्थानक आणि बसस्थानक इतके जवळ असल्यामुळे मधल्या पट्ट्यात पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत काही ना काही खायला मिळते, मात्र याच पट्ट्यात घाईच्या गिऱ्हाइकावर चालणारी दुकानेही सर्वाधिक आहेत. शाहूपुरीचे तसे नाही. ही पेठ राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली गुळाच्या व्यापारासाठी वसवली, आणि तिच्या क्रमांकांच्या गल्ल्यांमध्ये आजही अडते, दुकानदार, बँकांचे कर्मचारी आणि हमाल यांची रोजची वर्दळ असते. ज्या नाष्टा सेंटरला असे रोजचे गिऱ्हाईक आहे त्याला फसवणूक परवडत नाही. म्हणून माझा सल्ला असा की, स्थानकाच्या अगदी दारातल्या पहिल्या दुकानात शिरण्याऐवजी पाच मिनिटे चालून शाहूपुरीच्या एखाद्या गल्लीत जावे.

दुसरी पायरी : हातात किती वेळ आहे ते ठरवा

पुढची गाडी किंवा बस अर्ध्या तासात असेल तर चहा, पोहे, उप्पीट, शिरा, वडा यापलीकडे जाऊ नका. उप्पीट म्हणजेच इतरत्र ज्याला उपमा म्हणतात तो पदार्थ. कर्नाटकाची सीमा जवळ असल्याने इथे उप्पीट हाच शब्द कानावर पडेल. तासभर असेल तर शाहूपुरीत किंवा लक्ष्मीपुरीत बसून मिसळ खाता येते. मटणाचे ताट मागवायचे असेल तर किमान दीड तास धरावा, कारण गर्दीच्या वारी जागेसाठी थांबावे लागते आणि रस्सा घाईने पिण्याची गोष्ट नाही. तीन-चार तास मोकळे असतील तरच खासबाग, रंकाळा किंवा कसबा बावड्याचा विचार करावा.

सामान जड असेल तर हा हिशेब आणखी कडक करा. बहुतेक चांगली नाष्टा सेंटरे लहान असतात, बाकांवर खांद्याला खांदा लावून बसावे लागते आणि मोठी बॅग ठेवायला जागा नसते. उतरण्याची सोय आधी ठरली असेल तर तिथे सामान टाकून मोकळ्या हाताने खायला निघणे उत्तम.

तिसरी पायरी : जागा पारखून घ्या

मोबाइलवरचे तारे पाहून जागा निवडण्यापेक्षा दारात दोन मिनिटे उभे राहून पाहणे अधिक विश्वासाचे असते. आत बसलेले लोक कोण आहेत ते पाहा. त्यात बॅगा घेतलेल्यांपेक्षा शर्टाच्या खिशाला पेन लावलेली, दुचाकीची किल्ली हातात खेळवणारी गावातली माणसे अधिक असतील तर आत जा. कढईतल्या तेलाचा रंग आणि वास पाहा. तेल काळपट, फेसाळ असेल आणि त्याचा उग्र वास दारापर्यंत येत असेल तर तिथला वडा टाळा. पातेल्यातला कट उकळता आहे की नुसता कोमट, हेही दारातून दिसते. कांदा आधीच चिरून ठेवलेला असेल तर तो सुकलेला नाही ना, ताटे-वाट्या वाहत्या पाण्याखाली धुतात की एकाच बादलीत बुचकळतात, या साध्या गोष्टींवरून आतल्या कामाची कल्पना येते.

आत शिरल्यावर फलक वाचत बसू नका. वाढणाऱ्याला “मामा, आता गरम काय आहे?” असा सरळ प्रश्न विचारा. कोल्हापुरात वयस्कर माणसाला मामा किंवा काका, वाढणाऱ्या बाईंना मावशी किंवा ताई, आणि बरोबरीच्या मुलाला भाऊ किंवा दादा म्हटले की बोलणे मोकळे होते. फलकावर चाळीस पदार्थ असले तरी त्या घटकेला ताजे दोन-तीनच असतात, आणि ते कोणते हे मामाच सांगू शकतात. बोलण्याची ढब तुम्हाला सुरुवातीला जरा रांगडी वाटेल. तो राग नसून तिथली रीत आहे.

चौथी पायरी : सकाळ असेल तर मिसळ

मुंबईहून येणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी कोल्हापुरात पोहोचते, त्यामुळे अनेकांची या शहराशी पहिली ओळख मिसळीनेच होते. मिसळीची वेळ साधारण साडेसात-आठपासून दुपारपर्यंत. सकाळी नऊ ते अकरा हा तिचा भर. त्या वेळी कट ताजा असतो, मटकी नीट शिजलेली पण न फुटलेली असते आणि फरसाण कुरकुरीत असते. दुपारी चारला मिसळ मागाल तर मिळेलही, पण ती पुन्हा पुन्हा तापवलेली असण्याची शक्यता मोठी.

कोल्हापुरी मिसळीत मोड आलेल्या मटकीची उसळ, फरसाण किंवा शेव-चिवडा, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर आणि लिंबाची फोड असते, काही ठिकाणी खाली बटाट्याची भाजी किंवा थोडे पोहेही असतात. या सगळ्यावर ओतला जातो तो कट. हा कट म्हणजे भाजलेले सुके खोबरे, कांदा, लसूण, आले, तीळ आणि कोल्हापूरची कांदा-लसूण चटणी यांच्या वाटणाचा पातळ, झणझणीत रस्सा, ज्यावर लाल तवंग येतो. सोबत पावाऐवजी ब्रेडच्या जाड स्लाइस मिळतात. मुंबई-पुण्याकडच्यांना याचे आश्चर्य वाटते, परंतु जाड स्लाइस कट चांगला शोषून घेते आणि हातात तुटत नाही, त्यामुळे एकदा सवय झाली की या मिसळीसोबत दुसरे काही नको वाटते.

खाण्याची पद्धत सांगतो, कारण नवख्यांची फजिती इथेच होते. कट बहुतेक ठिकाणी वेगळ्या वाटीत किंवा भांड्यातून मिळतो आणि मागितल्यावर पुन्हा वाढतात. तो एकदम सगळा ओतू नका. आधी दोन चमचे घाला, कांदा-लिंबू मिसळा, एक घास घ्या, तिखट किती झेपते याचा अंदाज आला की मग वाढवत जा. फरसाण भिजून लगदा होण्याआधी खाल्ले पाहिजे, म्हणून थोडे थोडे कालवावे. जीभ पोळली तर पाणी पिऊन उपयोग होत नाही, कारण मिरचीतला तिखट अंश पाण्यात विरघळत नाही. दही, ताक किंवा कोरड्या ब्रेडचा तुकडा त्याहून लवकर आराम देतो. म्हणून पहिल्या दिवशी मिसळीबरोबर दह्याची वाटी मागवा, त्यात कमीपणा नाही. कट वाढणाऱ्याला “बेताचा तिखट द्या” असे आधी सांगितले तर तवंग बाजूला सारून खालचा रस्सा वाढतात.

नावाजलेल्या मिसळींपैकी शिवाजी उद्यमनगरातील फडतरे मिसळ स्थानकापासून रिक्षाने थोड्याच वेळात गाठता येते. तिथे सकाळी, विशेषतः रविवारी, रांग असते आणि माल संपला की काम संपते, तेव्हा उशीर करू नये. बावडा मिसळ कसबा बावड्यात, स्थानकापासून तीन-चार किलोमीटरवर आहे. देवीच्या दर्शनाला जाणार असाल तर महाद्वार रोडच्या परिसरातील चोरगे मिसळ वाटेत पडते. तिन्हींची चव वेगळी आहे आणि कोणती श्रेष्ठ यावर कोल्हापूरकरांचे एकमत होणार नाही. माझे मत विचाराल तर पहिल्या सकाळी यांतल्या कोणत्याही एका जागी जाण्यासाठी शहर ओलांडण्यापेक्षा शाहूपुरीतल्या गर्दीच्या एखाद्या साध्या नाष्टा सेंटरमध्ये गरम मिसळ खावी, आणि नावाजलेल्या जागांसाठी दुसरी सकाळ राखून ठेवावी. अगोदर एक साधी मिसळ खाल्लेली असली की नावाजलेल्या मिसळीतले वेगळेपण कळते.

मिसळ नको असेल तर कट वडा हा सोपा पर्याय आहे. त्यात बटाटेवडा त्याच कटात बुडवून देतात. लोणी डोसाही इथे मनापासून खाल्ला जातो. दावणगेरेकडून आलेला हा जाडसर, मऊ, वर लोण्याचा गोळा असलेला डोसा सकाळी आणि संध्याकाळी गाड्यांवर मिळतो, आणि लहान मुले बरोबर असतील तर तिखटाची धास्ती नसलेला हाच सगळ्यात उत्तम नाष्टा आहे.

पाचवी पायरी : दुपारी ताट, पण वार पाहून

कोल्हापुरात अनेक घरांत सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी देवाच्या वारामुळे सामिष खात नाहीत. त्यामुळे बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे मटणाचे मुख्य वार झाले आहेत. या तीन दिवशी खानावळींची उलाढाल मोठी असते आणि मटण त्या दिवशीचेच असते. रविवारी दुपारी मात्र गावातली कुटुंबेच्या कुटुंबे जेवायला बाहेर पडतात, त्यामुळे बारा वाजता पोहोचलात तर जागा मिळेल, दीड वाजता पोहोचलात तर थांबावे लागेल. श्रावणात आणि नवरात्रात मागणी उतरते, काही खानावळी या काळात मटण बंदही ठेवतात, तेव्हा आधी चौकशी करून मगच निघावे. मला विचाराल तर नवख्याने बुधवारी किंवा शुक्रवारी दुपारी जावे. माल ताजा असतो आणि वाढणाऱ्यालाही तुमच्याशी दोन शब्द बोलायला सवड असते.

मटणाच्या ताटात साधारणपणे सुके मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, भाकरी किंवा चपाती, भात, कांदा-लिंबू आणि दह्याची कोशिंबीर असते. काही ठिकाणी खिम्याचा गोळा, अंडे किंवा अळणी भातही देतात. ताट मागवण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात: रस्सा पुन्हा वाढतात का, आणि भाकरी किती. बहुतेक खानावळींत दोन्ही रस्से हवे तितके मिळतात, मटण मात्र ठरलेले असते. तरी ही रीत प्रत्येक ठिकाणी सारखी नाही आणि जेवण झाल्यावर वाद घालण्यापेक्षा आधी विचारणे चांगले. एकटे असाल आणि भूक बेताची असेल तर हाफ ताट मिळते का तेही विचारा.

दोन्ही रश्श्यांचा पाया एकच असतो: मटण मीठ, हळद, आले-लसूण घालून शिजवल्यावर जे पाणी उरते, ज्याला अळणी म्हणतात, ते. त्या अळणीत नारळाचे दूध, तीळ, खसखस, काजू यांचे वाटण आणि खडा मसाला घातला की पांढरा रस्सा होतो. त्यात लाल मिरची अजिबात नसते, जो काही तिखटपणा येतो तो मिरी-लवंगेचा. त्याच अळणीत भाजलेले खोबरे-कांदा, तीळ आणि कांदा-लसूण चटणी पडली की तांबडा रस्सा तयार होतो. पांढरा रस्सा जेवणाच्या सुरुवातीला वाटीने प्यावा, तो पोट उबदार करतो आणि पुढच्या तिखटाला जागा करून देतो. चांगला पांढरा रस्सा ओळखण्याची खूण अशी की तो पातळ असूनही त्याला मटणाची खोल चव असते. केवळ घट्ट आणि गोडसर असेल तर त्यात काजू अधिक आणि अळणी कमी आहे असे समजावे. तांबडा रस्सा भाकरी कुस्करून खावा आणि शेवटी भातावर घ्यावा. त्यात तिखटाआधी खोबऱ्याचा आणि भाजलेल्या कांद्याचा स्वाद लागला पाहिजे. बाहेरगावी ‘कोल्हापुरी’ या नावाखाली नुसती लाल, जळजळीत भाजी विकली जाते, तिचा आणि या रश्श्याचा काहीही संबंध नाही, आणि हे प्रत्येक पाहुण्याला मी आवर्जून सांगतो, कारण या शहराच्या स्वयंपाकावर तो मोठा अन्याय आहे.

ज्यांना शेंगदाणे, काजू, तीळ किंवा खोबऱ्याची ॲलर्जी आहे त्यांनी विशेष सांभाळावे. हे घटक वाटणात मिसळलेले असल्याने डोळ्यांना दिसत नाहीत आणि मिसळीपासून पांढऱ्या रश्श्यापर्यंत कुठेही असू शकतात. अशा माणसाने “यात काय काय वाटले आहे?” असे स्पष्ट विचारावे आणि उत्तर गोंधळाचे आले तर उठावे.

स्थानकाच्या डाव्या अंगाने व्हीनस कॉर्नरवरून लक्ष्मीपुरीत गेल्यास तिथे पद्मा गेस्ट हाऊस हे मटणाच्या ताटासाठी जुने, सर्वपरिचित नाव आहे. त्याखेरीज शाहूपुरी, लक्ष्मीपुरी आणि राजारामपुरीत लहान घरगुती खानावळी बऱ्याच आहेत, ज्यांत स्वयंपाक घरच्याच बायका करतात. विद्यार्थ्यांनी आणि नोकरीसाठी आलेल्यांनी अशी एखादी खानावळ हेरून ठेवावी. महिन्याच्या हिशेबाने डबा किंवा जेवण लावता येते आणि ते रोज हॉटेलात खाण्यापेक्षा खिशालाही परवडते, पोटालाही.

शाकाहारी माणसाची इथे मुळीच अडचण होत नाही. शाकाहारी ताटात भरले वांगे, मटकी किंवा वाटाण्याची उसळ, झुणका, पालेभाजी, ज्वारीची भाकरी, ठेचा आणि ताक असा बेत असतो, आणि अख्खा मसूर हा या भागाचा आवडता पदार्थ भाकरीबरोबर स्वतंत्रही मिळतो. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी मात्र बसण्यापूर्वीच विचारावे, कारण इथल्या चटणीचे नावच कांदा-लसूण चटणी आहे आणि ती जवळजवळ प्रत्येक भाजीत पडते. उपवास असेल तर साबुदाणा खिचडी सकाळी बहुतेक नाष्टा सेंटरमध्ये मिळते. चतुर्थी आणि एकादशीला ती लवकर संपते.

सहावी पायरी : संध्याकाळी गाडे

संध्याकाळी पाच-साडेपाचनंतर शहराचे खाणे रस्त्यावर येते. स्थानकावरून सगळ्यात जवळचा पर्याय म्हणजे परीख पुलाखालून पलीकडे राजारामपुरी. तिथे शाळा-कॉलेजची मुले, शिकवणीहून सुटलेले विद्यार्थी आणि खरेदीला आलेली कुटुंबे यांच्यासाठी भेळ, वडा, डोसा, ऑम्लेट, चायनीज असे सगळे गाडे लागतात. गाड्यावर उभे राहून खायचे असते, त्यामुळे थोडे थोडे, दोन-तीन ठिकाणी खाणे उत्तम.

भेळेसाठी थोडे लांब जाण्याची तयारी असेल तर खासबाग मैदानाजवळची राजाभाऊ भेळ प्रसिद्ध आहे. खासबाग हे शाहू महाराजांनी बांधलेले कुस्तीचे मैदान, आणि त्याच्या आसपासचा परिसर संध्याकाळी खाण्याच्या गाड्यांनी भरलेला असतो. इथल्या भेळेतला चुरमुरा, कच्चा कांदा, चिंचेचे पाणी आणि चटणी हे सगळे डोळ्यांसमोर कालवले जाते, तेव्हा तिखट किती हवे ते चटणी पडण्याआधी सांगायला हवे, नंतर सांगून उपयोग नाही. तिथून पुढे रंकाळ्याच्या काठीही भेळ आणि भाजलेली कणसे मिळतात, परंतु रात्रीची गाडी पकडायची असेल तर रंकाळ्याला जाऊ नका, परतीच्या रस्त्यावर संध्याकाळी बरीच गर्दी असते.

दूध पिणाऱ्याने गंगावेशीचा दूध कट्टा चुकवू नये. तिथे म्हशी कट्ट्यावर आणून समोर धार काढतात आणि ते धारोष्ण दूध पेल्यात देतात. तालमीतले पैलवान आणि आजूबाजूच्या पेठांतली माणसे पिढ्यान्‌पिढ्या ते पीत आली आहेत. एवढे मात्र लक्षात ठेवावे की हे दूध न तापवलेले असते, त्यामुळे लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि आजारी माणसे यांनी ते टाळावे, आणि ज्यांना सवय नाही त्यांनी प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी हा प्रयोग करू नये. गोड खायचे असेल तर फळे, जेली आणि सुकामेवा घातलेले ‘कॉकटेल’ नावाचे आइस्क्रीम गावातल्या कोल्ड्रिंक हाऊसमध्ये मिळते. नावावरून घाबरू नये, त्यात मद्याचा थेंबही नसतो आणि मुलांना ते फार आवडते.

रात्री दहानंतर शाहूपुरीतली दुकाने मिटतात. त्या वेळी स्टँडच्या आसपासच काही मिळते, आणि त्यातही तळलेल्यापेक्षा तव्यावर समोर केलेले ऑम्लेट-ब्रेड किंवा गरम चहा-बिस्किटे अधिक सुरक्षित. रात्री उशिरा पोहोचणाऱ्या गाडीने येत असाल तर मिरजेलाच काही खाऊन घेणे शहाणपणाचे आहे.

पैसे आणि पाणी यांबद्दल थोडक्यात

बहुतेक ठिकाणी मोबाइलवरून पैसे घेतात, तरी सुटे शंभर-दोनशे रुपये जवळ असू द्यावेत, विशेषतः गाड्यांवर. काही नाष्टा सेंटरमध्ये आधी पैसे भरून टोकन घ्यावे लागते, म्हणून आत जाताच गल्ल्याकडे पाहावे. पाणी स्वतःच्या बाटलीतले प्यावे. बर्फ घातलेली सरबते आणि कापून ठेवलेली फळे पावसाळ्यात टाळावीत. उसाचा रस बर्फाशिवाय मागता येतो. तोंड पोळलेल्या अवस्थेत सोलकढी किंवा ताक हे सगळ्यात चांगले पेय. पहिल्याच दिवशी सकाळी मिसळ, दुपारी तांबडा रस्सा आणि संध्याकाळी भेळ असा सपाटा लावू नये, दिवसातून एकदाच तिखट खावे आणि दुसरे जेवण साधे ठेवावे.

सातवी पायरी : गाडीत नेण्यासाठी

परतीच्या प्रवासात काय बांधून घ्यावे हा प्रश्न हमखास येतो. मुंबईकडे जाणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री सुटते, त्यामुळे अनेक प्रवासी गावात जेवण्याऐवजी पार्सल घेऊन गाडीत खातात. रस्सा पार्सल घेताना घट्ट झाकणाच्या डब्यात मागा. पातळ पिशवीत बांधलेला तांबडा रस्सा गाडीच्या हेलकाव्यात सुटला की त्याचा डाग बॅगेवरून जात नाही आणि शेजारच्या प्रवाशालाही त्रास होतो. स्वतःचा स्टीलचा डबा असेल तर तो नेणे सगळ्यात चांगले, खानावळीवाले आनंदाने भरून देतात. सुके मटण आणि भाकरी चांगली टिकते, पांढरा रस्सा मात्र नारळाच्या दुधामुळे उन्हाळ्यात लवकर नासतो, तो जागीच प्यावा. मिसळ बांधून घ्यायची झाली तर फरसाण, उसळ आणि कट तीन वेगळ्या पुड्यांत घ्यावे.

पुढच्या दिवसांसाठी भडंग न्यावे. लसूण, शेंगदाणे आणि लाल चटणी लावलेला हा चुरमुरा कोरडा असल्याने नीट बंद करून ठेवल्यास बरेच दिवस कुरकुरीत राहतो. कांदा-लसूण चटणी घरी न्यायची असेल तर ती आधी बोटावर घेऊन चाखावी आणि शक्यतो जिथे डोळ्यांसमोर मसाला कुटतात अशा कांडपाच्या ठिकाणाहून घ्यावी. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. गुऱ्हाळे साधारण दिवाळीनंतर सुरू होतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत चालतात, म्हणून नवा गूळ हिवाळ्यात घ्यावा. अगदी पिवळाधमक, चकचकीत गूळ पाहून भुलू नये; तपकिरी छटेचा, किंचित मऊ आणि जिभेवर खारट न लागणारा गूळ अधिक चांगला समजावा. काकवी मिळाली तर बाटलीचे बूच दोनदा तपासून घ्यावे.

पावसाळ्यात आणि उत्सवात

जून ते सप्टेंबर या काळात येत असाल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. जोराचा पाऊस झाला की परीख पुलाखाली पाणी साचते आणि राजारामपुरीचा रस्ता अडतो. अशा वेळी रुळांच्या अलीकडेच, शाहूपुरीत खावे. पंचगंगेला पूर आला, जसा २०१९ आणि २०२१ साली आला होता, तर भाजीपाला आणि दूध यांचा पुरवठाच विस्कळीत होतो आणि लहान खानावळी दोन-तीन पदार्थांवर येतात. तेव्हा जे शिजले असेल ते मुकाट्याने, समाधानाने खावे आणि फर्माईश करू नये.

नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला आणि चैत्र पौर्णिमेच्या सुमारास जोतिबाच्या यात्रेला लाखो भाविक येतात. या दिवसांत स्थानक आणि स्टँडच्या परिसरात पहाटे चारपासून चहा-नाष्टा मिळतो, पण गर्दीमुळे दर्जा सांभाळणे दुकानदारांनाही कठीण जाते. यात्रेच्या काळात देवळाच्या वाटेवर खाण्यापेक्षा उतरल्याबरोबर शाहूपुरीत पोटभर नाष्टा करून मग रांगेला लागावे, आणि बरोबर वृद्ध माणसे असतील तर घरून आणलेल्या दशम्या किंवा भडंगाची पुडी पिशवीत ठेवावी, कारण एकदा रांगेत उभे राहिल्यावर बाहेर पडून खाऊन परत जागा मिळत नाही.